व्हेस्टिब्युलर तंत्रिकेचे उद्दीपन आणि हृदयगतीचे नियमन

प्रस्तावना :
अंतर्कर्ण म्हटला की श्रवण आणि शरीराचा तोल ही दोनच कार्ये सामान्यतः सांगितली जातात. परंतु रक्ताभिसरणाच्या नियमनातही अंतर्कर्णाचा सहभाग असतो. प्रस्तुत लेखात या संबंधाचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

यंत्रणा :
मनुष्य आडव्या स्थितीतून उभा राहताच सुमारे अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त शरीराच्या खालच्या भागाकडे सरकते. रक्तदाब घटल्यावर मानेतील व महाधमनीतील दाबग्राही त्याची नोंद घेतात. म्हणजेच त्यांचे कार्य बदल घडल्यानंतर सुरू होते. अंतर्कर्णातील कर्णवालुकायुक्त इंद्रिये मात्र मस्तकाची गुरुत्वसापेक्ष स्थिती बदलताक्षणीच उद्दीपित होतात. हे संवेग व्हेस्टिब्युलर तंत्रिकेद्वारे मस्तिष्कस्तंभात पोहोचतात. तेथून अनुकंपी तंत्रिकांमार्फत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. हृदयगती मात्र अनुकंपी तंत्रिकांमुळे वाढते व प्राणेशा तंत्रिकेमुळे मंदावते.

प्रायोगिक पुरावा :
डोबा व रीस यांनी 1974 मध्ये भूल दिलेल्या मांजरांच्या दोन्ही व्हेस्टिब्युलर तंत्रिका छेदल्या. त्यानंतर शरीर तिरपे उभे केले असता रक्तदाब सावरण्याची क्षमता घटल्याचे आढळले. मानवामध्ये पालथ्या स्थितीत मस्तक खाली झुकविल्यास स्नायूंकडे जाणाऱ्या अनुकंपी तंत्रिकांची क्रियाशीलता वाढते.

मर्यादा :
हृदयगतीबाबतचे निष्कर्ष इतके एकसुरी नाहीत. कानात 30 अंश किंवा 44 अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी सोडून, अथवा कानामागे सौम्य विद्युत्प्रवाह देऊन उद्दीपन केले जाते. मात्र अशा वेळी होणारी मळमळ, भीती व श्वसनातील बदल यांचाही हृदयगतीवर परिणाम होतो. म्हणून ठोक्यांतील प्रत्येक फरक तंत्रिकेच्या उद्दीपनाचाच परिणाम मानणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरत नाही. या यंत्रणेचा प्रभाव हृदयापेक्षा रक्तवाहिन्यांवर अधिक स्पष्टपणे दिसतो.

निष्कर्ष :
दाबग्राही बदलाची दुरुस्ती करतात, तर अंतर्कर्ण त्या बदलाची पूर्वसूचना देतो. वाढत्या वयात अंतर्कर्णाची संवेदनक्षमता घटते. उठताच भोवळ येऊन पडणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत रक्तदाब व औषधे यांबरोबरच अंतर्कर्णाचीही तपासणी व्हावी, हे या अभ्यासातून सूचित होते.