परदेशी उच्चशिक्षण : संकल्प आणि सावधपणा

सन १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पुढे ते लंडनला गेले; परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. मात्र चार वर्षांच्या आत तो पुन्हा हाती घेण्याची अनुमती त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळविली होती. १९२० मध्ये ते परत गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. बडोद्याच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या ज्ञाननिष्ठेबरोबर हे व्यवहारज्ञानही घ्यावे.

आजची अडचण केवळ द्रव्याची नाही. २०२४ मध्ये कॅनडाने विद्यार्थी-परवान्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. मे २०२५ च्या अखेरीस अमेरिकेने विद्यार्थी-व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणे थांबविले. जूनमध्ये ते काम पुन्हा सुरू झाले, ते समाजमाध्यमांवरील खाती तपासणीसाठी खुली ठेवण्याच्या अटीसह. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने कन्येच्या शिक्षणासाठी राहते घर गहाण ठेवले होते. त्या तीन आठवड्यांत त्या घरात कोणाला झोप लागली नाही.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. प्रवेश विद्यापीठ देते, व्हिसा सरकार देते. एकाचा होकार दुसऱ्याला बांधून ठेवीत नाही. म्हणून प्रवेश मिळताच विद्यापीठास लेखी विचारावे : व्हिसास विलंब झाल्यास प्रवेश पुढील सत्रासाठी राखून ठेवाल काय? शिष्यवृत्तीही तशीच राहील काय? व्हिसा नाकारला गेल्यास भरलेले शुल्क परत मिळेल काय? कर्ज मंजूर करून घ्यावे. पण नियम अनुमती देत असतील तेथे व्हिसा हाती येण्यापूर्वी ते उचलू नये. दुसऱ्या देशातील वा भारतातील एखाद्या चांगल्या संस्थेतही अर्ज करून ठेवावा. त्यात कमीपणा नाही.

तेथे पोहोचल्यावरही सावधपणा सुटू नये. अमेरिकेत व्हिसा हे प्रवेशद्वारापुरते साधन आहे. तेथील वास्तव्य पूर्णवेळ अभ्यासावर व विद्यापीठाने दिलेल्या 'आय-२०' या पत्रावर अवलंबून असते. म्हणून विषय सोडण्यापूर्वी, नोकरी धरण्यापूर्वी वा सुट्टीत मायदेशी येण्यापूर्वी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

पालकांना इतकेच सांगेन की, वर्ष लांबले म्हणजे विद्या बुडाली, असे मानू नका. खंड पडणे आपल्या हाती नसते. परतीची वाट मोकळी ठेवणे मात्र पुष्कळ अंशी आपल्या हाती असते.