मनाची चिंता आणि शरीराचे आरोग्य

धार काढण्याच्या वेळी गोठ्यात कुत्रे शिरले किंवा कोणी गाईला मारले, तर ती पान्हा चोरते, हा अनुभव प्रत्येक गोपालकास आहे. कासेत दूध असते, सडांना इजा झालेली नसते, तरीही धार येत नाही. याचे कारण असे की, भीतीमुळे तिच्या रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन नावाचा स्राव उतरतो व तो पान्हा सोडविणाऱ्या ऑक्सिटोसिन या स्रावाचे कार्य रोखून धरतो. मनाच्या अवस्थेचा देहावर परिणाम होतो, ही गोष्ट जनावराच्या बाबतीत शेतकरी सहज मान्य करतो. स्वतःच्या बाबतीत मात्र तिच्याकडे दुर्लक्ष करतो.

मनुष्याच्या शरीरातही असेच घडते. संकट समोर येताच मूत्रपिंडांवरील ग्रंथी अ‍ॅड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल हे स्राव रक्तात सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, रक्तातील साखर वाढते आणि पचन मंदावते. वाटेत साप आडवा आला असता चटकन मागे सरण्याचे बळ यामुळेच मिळते. साप निघून गेला की काही वेळाने शरीर पूर्वस्थितीवर येते. परंतु कर्जाचा हप्ता, लांबलेला पाऊस, पडलेला बाजारभाव किंवा भाऊबंदकीचा दावा ही संकटे महिनोन् महिने हटत नाहीत. मग क्षणभराच्या संरक्षणासाठी असलेली ही व्यवस्था सतत चालू राहून देहाचीच झीज करू लागते. झोप उडते, अन्नावरची वासना जाते, डोके व पाठ दुखते. रक्तदाब किंवा मधुमेह असल्यास तो आटोक्यात राहणे कठीण होते.

जखम भरून येण्यासही विलंब लागतो. अमेरिकेतील ओहायो राज्यातील संशोधकांनी याविषयी केलेला एक प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रिया आणि तसा भार नसलेल्या, साधारण त्याच वयाच्या स्त्रिया यांच्या हातावर सारखीच लहानशी जखम करण्यात आली. पहिल्या गटातील जखमा भरून येण्यास सरासरी नऊ दिवस अधिक लागले. विळा लागणे किंवा पायात काटा रुतणे ज्यांना नित्याचे आहे, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

म्हणून ग्रामसेवक, कृषी सहायक व आशा सेविका यांनी वारंवार अंगदुखीची वा निद्रानाशाची तक्रार करणाऱ्या शेतकऱ्याची आस्थेने चौकशी करावी. अर्थात प्रत्येक दुखणे मनाचेच असते असे मानू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब व साखर प्रथम तपासून घ्यावी. छातीत कळ आल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे. वेदनाशामक गोळ्या मनाने घेत राहू नये. दारूने झोप लागते हा समज फसवा आहे. उत्तररात्री तीच झोप मोडते.

चिंता मनात कोंडून ठेवू नये. घरातील कर्जाचा आकडा पत्नीस व कर्त्या मुलास ठाऊक असावा. ठरावीक वेळी निजावे, एक वेळचे जेवण तरी सर्वांनी एकत्र घ्यावे आणि भजन, पारावरची बैठक वा गटाची सभा सोडू नये.

एखादा मनुष्य सर्वांपासून दूर राहू लागला किंवा निरवानिरवीची भाषा बोलू लागला, तर जीव देण्याचा विचार मनात येतो काय, असे त्यास स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही. उलट मन मोकळे होते. अशा वेळी त्यास एकटे सोडू नये व घरातील कीटकनाशके कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर व कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवावा.

पिकावर रोग दिसताच शेतकरी सल्ला घेण्यास संकोचत नाही. मनाच्या दुखण्यासाठीही त्याने तसाच निःसंकोच सल्ला घ्यावा.