मोठ्या डिस्कवरील स्थलांतर : प्रत आणि पत्ता

कोयनानगर येथे दि. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे जो भूकंप झाला, त्याच्या धक्क्याची नोंद धरणातच बसविलेल्या त्वरणमापक यंत्राने घेतली. धरणाच्या अक्षाला समांतर दिशेने गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ०.६३ पट इतके कमाल त्वरण तीत आढळते. ही नोंद मुळात वक्ररेषांच्या रूपातील होती. पुढे तिचे अंकांत रूपांतर झाले, आणि काँक्रीटच्या धरणांचा अभ्यास करणारे जगभरचे अभियंते ती आजही उपयोगात आणतात. भूकंप पुन्हा घडवून त्याची नोंद घेता येत नाही. यास्तव जुन्या माध्यमावरील नोंद नव्या माध्यमावर सुखरूप नेणे, हे नोंद घेण्याइतकेच महत्त्वाचे होय.

आज अशा नोंदी संगणकाच्या हार्ड डिस्कवर साठतात. डिस्क भरत आली म्हणजे तिच्या जागी मोठी डिस्क बसवावी लागते. केवळ नोंदी हलवावयाच्या असतील, तर त्यांची प्रत करणे पुरेसे असते. परंतु ज्या डिस्कवर संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिमही असते, ती बदलताना निराळाच अनुभव येतो. सर्व फाइली नव्या डिस्कवर उतरविल्या तरी संगणक सुरू होत नाही. असे का व्हावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ऑपरेटिंग सिस्टिम ही यंत्र आणि वापरणारा यांच्यामधील व्यवस्थापक होय. पण वीज सुरू होते त्या क्षणी ती डिस्कवर निद्रिस्त असते. तिला जागे करण्याचे काम प्रारंभक नावाचा एक लहान प्रोग्राम करतो. जुन्या पद्धतीत या प्रारंभकाचा पहिला अंश डिस्कच्या अगदी पहिल्या, ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये असतो. डिस्कवरील विभागांची सूचीही तेथेच असते. यूईएफआय या नव्या पद्धतीत प्रारंभकासाठी एक स्वतंत्र लहान विभाग राखलेला असतो. नेहमीच्या फाइलींच्या यादीत यांपैकी काहीच सहसा दिसत नाही. साहजिकच, दिसेल तेवढ्याचीच प्रत करणाऱ्याच्या हातून नेमके हेच मागे राहते.

दुसरी अडचण पत्त्याची. प्रत्येक विभागाला तो निर्माण होताना एक ओळख-क्रमांक मिळतो, आणि प्रारंभक व ऑपरेटिंग सिस्टिम याच क्रमांकाने आपली जागा शोधतात. नव्या डिस्कवर नवा विभाग केला की क्रमांक बदलतो; आतील मजकूर अक्षरशः तोच असूनही जुना निर्देश निष्फळ ठरतो. भाषेत 'इथे', 'पलीकडे' ही पदे बोलणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असतात. जागा बदलली की शब्द तोच राहून अर्थ फिरतो. शिवाजीसागराच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतील लोकांना हे निराळ्या रीतीने ठाऊक आहे. घरातील सामान हलले म्हणजे पुनर्वसन पुरे होत नाही. नव्या ठिकाणच्या दप्तरी नाव लागावे लागते.

स्थलांतराचे मार्ग दोन आहेत. पहिल्या मार्गाने नवे विभाग आखून त्यांत फाइलींची प्रत करावी, पत्ते दुरुस्त करावेत आणि प्रारंभक पुन्हा बसवावा. दुसऱ्या मार्गाने संपूर्ण डिस्कची सेक्टरवार प्रतिकृती घ्यावी. या प्रतिकृतीत ओळख-क्रमांकही जसेच्या तसे येत असल्याने संगणक बहुधा निर्वेध सुरू होतो. मात्र प्रतिकृती जुन्या डिस्कचा आकारही सोबत आणते, त्यामुळे वाढीव जागा रिकामीच पडून राहते. ती वापरावयाची तर प्रथम विभाग व मग त्यातील फाइल-व्यवस्था वाढवावी लागते. जीपीटी या नव्या सूचीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असावयास हवी. प्रतिकृतीनंतर ती मध्येच राहते, म्हणून तीही शेवटास न्यावी लागते. जुनी सूची सेक्टरांचे क्रमांक ३२ बिटांत लिहिते. ५१२ बाइटांचा सेक्टर धरल्यास तिला सुमारे २.२ टेराबाइटांपलीकडील जागा दाखविता येत नाही. त्याहून मोठ्या डिस्कसाठी जीपीटीच हवी.

क्रमाविषयीही दक्षता हवी. प्रथम महत्त्वाच्या नोंदींची वेगळ्या ठिकाणी प्रत ठेवावी. नंतर संगणक पेनड्राइव्हवरून सुरू करून काम करावे, म्हणजे प्रत होत असताना मूळ मजकूर बदलत नाही. अखंड नोंद घेणाऱ्या संगणकाचे काम तेवढ्या वेळापुरते दुसऱ्या यंत्राकडे सोपवावे. धक्का कोणासाठी थांबत नाही. प्रतिकृतीनंतर जुनी डिस्क काढून मगच नवीवरून संगणक सुरू करावा, कारण एकच ओळख सांगणाऱ्या दोन डिस्क एकत्र असल्यास घोटाळा संभवतो.

संगणक सुरू झाला एवढ्यावरून स्थलांतर यशस्वी झाले असे मात्र समजू नये. जुन्या नोंदी उघडतात की नाही, नव्या नोंदी योग्य जागी उतरतात की नाही, हे पडताळून पाहावे. तोपर्यंत जुनी डिस्क जशीच्या तशी जपून ठेवावी. पुसलेली डिस्क पुन्हा विकत घेता येते, तीवरील नोंद घेता येत नाही.