खारवलेल्या मांसातली प्रथिने जातात कुठे?

‘खारवून वर्षभर टांगलेल्या मांसात प्रथिने उरतच नाहीत, उरते ते नुसते मीठ.’ आहाराचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर येते, आणि तेही इतक्या ठामपणे की त्याचा समाचार घेणे भाग आहे.

इटलीतल्या पार्मा हॅमचे उदाहरण घेऊ. डुकराची मागची तंगडी आणि मीठ, एवढेच साहित्य. शिजवणे नाही, धुरी नाही. मुरवायचे मात्र किमान १४ महिने. या काळात मांसातलीच कॅथेप्सिनसारखी एन्झाइम्स मायोसिन, ॲक्टिन या मोठ्या प्रथिनांचे तुकडे पाडतात. त्यातून पेप्टाइड्स आणि शेवटी सुटी अमिनो आम्ले तयार होतात. प्रथिन तुटले म्हणजे नष्ट झाले, हे कुणी ठरवले? खाल्लेल्या प्रथिनाचे आपले पोटही हेच करते. हॅमची खोल चव याच सुट्या अमिनो आम्लांमुळे येते.

हे सगळे मोजता येते. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये दिलेली पद्धत आजही चालते. नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, त्यातला नायट्रोजन मोजायचा आणि आलेला आकडा ६.२५ ने गुणायचा. मेख अशी, की नायट्रोजन अखंड प्रथिनातला की सुट्या अमिनो आम्लातला, हे या चाचणीला कळत नाही. म्हणून दुसरी मोजणी लागते. हॅमच्या अर्कात ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल घातले की मोठी प्रथिने साकळून तळाशी बसतात आणि लहान तुकडे वरच्या द्रवात राहतात. त्या द्रवातल्या नायट्रोजनचे एकूण नायट्रोजनशी प्रमाण म्हणजे प्रोटिओलिसिस निर्देशांक. नीट मुरलेल्या हॅममध्ये तो साधारण २५ ते ३० टक्क्यांच्या घरात असतो. तो फार वाढला तर मांस लिबलिबीत होते, कडवट लागते. मीठ या एन्झाइम्सना आवर घालते, त्यामुळे ते कमी पडले की हा धोका वाढतो.

आता बाकीचे गैरसमज.

‘सुकवल्याने प्रथिने वाढतात.’ वाढत नाहीत, पाणी घटते. १०० ग्रॅम मांसात २१ ग्रॅम प्रथिने असतील आणि सुकून ७५ ग्रॅम मांस उरले, तर तीच २१ ग्रॅम आता २८ टक्के दिसतात.

‘कापावरचे पांढरे ठिपके म्हणजे बुरशी.’ हे बहुतेकदा टायरोसिनचे स्फटिक असतात. हे अमिनो आम्ल पाण्यात फार कमी विरघळते, म्हणून साचून दिसते.

‘लाल रंग म्हणजे नायट्राइट घातलेच.’ पार्मा हॅममध्ये ते नसते. तिथला लाल रंग मुख्यतः झिंक प्रोटोपॉर्फिरिन या रंगद्रव्याचा.

‘प्रथिने आहेत, नायट्राइट नाही, मग रोज खायला हरकत काय?’ हरकत आहे. १०० ग्रॅम पार्मा हॅममध्ये ४ ग्रॅमहून अधिक मीठ असते. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले, आणि तिच्या व्याख्येत खारवलेले मांसही येते.