व्यवसाय-परिषदांची रचना आणि 'व्यथित व्यक्ती'चा प्रश्न

वैद्यक, वकिली यांसारख्या व्यवसायांत कोणी प्रवेश करावा आणि कोणाला त्यातून दूर करावे, हे ठरविण्याचा अधिकार मूलतः शासनाचा असतो. आपल्याकडे तो कायद्याने स्थापन केलेल्या परिषदांकडे सोपविण्यात आला आहे. परिषद आणि व्यावसायिकांची संघटना यांत बोलीव्यवहारात बरेचदा गल्लत केली जाते. परंतु संघटना सभासदांचे हित पाहते, तर परिषदेने त्या व्यवसायाकडे येणाऱ्या जनतेचे हित पाहणे अपेक्षित असते. म्हणूनच परिषदेवर कोण बसतो आणि त्याला तेथे कोण बसवितो, हा प्रश्न केवळ प्रशासकीय तपशिलाचा राहत नाही.

वैद्यकीय परिषदेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. मुंबई प्रांतात नोंदणीचा कायदा १९१२ साली झाला. १९३० मध्ये ब्रिटनच्या परिषदेने भारतीय वैद्यकीय पदव्यांची मान्यता थांबविली आणि देशाला स्वतःची मध्यवर्ती परिषद असण्याची निकड निर्माण झाली. १९३३ चा अधिनियम हे त्याचे फलित होय. त्याची जागा घेणाऱ्या १९५६ च्या अधिनियमानुसार भारतीय वैद्यक परिषदेत विद्यापीठांनी आणि नोंदणीकृत डॉक्टरांनी निवडलेले सदस्य व केंद्राने नामनिर्देशित केलेले सदस्य असत. अध्यक्ष सदस्यांमधूनच निवडला जाई. मुदत पाच वर्षांची, आणि पुनर्निवडीस आडकाठी नव्हती.

व्यवसायाने स्वतःचे नियमन स्वतः करावे, हे या रचनेमागील तत्त्व होते. त्यातील दोषही तेथेच दडलेला होता. ज्यांच्यावर कारवाई करायची तेच मतदार, आणि ज्या महाविद्यालयांची तपासणी करायची त्यांच्याशी संबंधित मंडळीच सदस्य! भ्रष्टाचाराच्या आरोपांनंतर २०१० मध्ये अध्यादेशाद्वारे परिषद अधिक्रमित करून नियामक मंडळ नेमण्यात आले. परिषद पुढे पुन्हा अस्तित्वात आली, पण मार्च २०१६ मध्ये संसदीय स्थायी समितीने तिच्यावर कठोर टीका केली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती लोढा यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमली. २०१८ मध्ये परिषद पुन्हा अधिक्रमित झाली. २०१९ चा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम २५ सप्टेंबर २०२० पासून अंमलात आला आणि जुनी परिषद इतिहासजमा झाली.

नव्या आयोगाची बांधणी निवडणुकीऐवजी नेमणुकीवर आहे. एकूण तेहतीस सदस्य : एक अध्यक्ष, दहा पदसिद्ध आणि बावीस अंशकालीन. अध्यक्षपदासाठी मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालील शोध समिती किमान तीन नावे सुचविते. अध्यक्षाची मुदत जास्तीत जास्त चार वर्षे, आणि तीत वाढ नाही, पुनर्नियुक्तीही नाही. मालमत्ता व हितसंबंध जाहीर करणे बंधनकारक आहे. पद सोडल्यावर दोन वर्षेपर्यंत, ज्या खाजगी संस्थेचे प्रकरण हाताळले तेथे नोकरी वा सल्लागारपद स्वीकारण्यास प्रतिबंध आहे. मात्र शासनाने परवानगी दिल्यास तो शिथिल होऊ शकतो. हे नियम निःसंशय स्वागतार्ह आहेत. परंतु शोध समितीतील तज्ज्ञही केंद्र शासनच नामनिर्देशित करते, आणि कलम ४५ नुसार धोरणविषयक बाबींत आयोग शासनाच्या निर्देशांनी बांधला जातो. एखादा प्रश्न धोरणाचा आहे की नाही, हेही शासनच ठरविते! राज्यांच्या वैद्यक परिषदांतील निवडून आलेल्या सदस्यांमधून आयोगावर जाणाऱ्यांच्या जागा अवघ्या नऊ, त्याही आळीपाळीने आणि दोन वर्षांपुरत्या. डॉक्टरांच्या वर्चस्वाला लगाम घालताना परिषद शासनाच्या पंखाखाली गेली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

वकिलांच्या बाबतीत १९६१ च्या अधिनियमाने उलट दिशा धरली व ती आजही टिकून आहे. राज्य विधिज्ञ परिषदांचे सदस्य वकीलच निवडतात. त्यांची संख्या मतदारसंख्येनुसार पंधरा, वीस वा पंचवीस असते. महाधिवक्ता पदसिद्ध सदस्य असतो. सामान्य नागरिकाला तेथे जागा नाही. आपल्याच पेशातील माणसाची सनद काढून घेण्याचे काम अशा मंडळींकडून कितपत होईल, ही शंका रास्तच आहे. तरीही या अधिनियमात एक तरतूद मोलाची आहे. शिस्तपालन समितीच्या आदेशाने 'व्यथित' झालेल्या कोणत्याही व्यक्तीस कलम ३७ नुसार भारतीय विधिज्ञ परिषदेकडे आणि कलम ३८ नुसार सर्वोच्च न्यायालयाकडे अपील करता येते.

या शब्दाची व्याप्ती मुंबईतील एका प्रकरणाने ठरविली. दंडाधिकारी न्यायालयाच्या दारात अशिलांना गाठून काम मिळविणाऱ्या काही वकिलांना राज्य परिषदेने दोषी ठरविले; मध्यवर्ती परिषदेने त्यांना मुक्त केले. मग राज्य परिषदच सर्वोच्च न्यायालयात गेली. निर्णय देणारी संस्था स्वतः व्यथित कशी असू शकते, असा आक्षेप आला. १९७५ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने तो फेटाळला : व्यवसायाची प्रतिष्ठा आणि लोकहित जपणे हेच परिषदेचे कर्तव्य असल्याने तिला अपिलाचा अधिकार आहे.

वैद्यकीय अधिनियमाच्या कलम ३० मध्ये मात्र हा उदार शब्दप्रयोग नाही. राज्य परिषदेच्या कारवाईने व्यथित झालेला 'वैद्यक व्यावसायिक' आयोगाच्या नीतिमत्ता व नोंदणी मंडळाकडे आणि तेथून साठ दिवसांत आयोगाकडे जाऊ शकतो. तक्रार फेटाळली गेलेल्या रुग्णाचा वा त्याच्या नातेवाइकांचा तेथे उल्लेखच नाही. आचारसंहितेच्या २००२ च्या नियमावलीत दुरुस्तीने तक्रारदाराला अपिलाची वाट मिळाली होती. पण नियम मूळ अधिनियमाच्या पुढे जाऊ शकत नाही, हा युक्तिवाद तिच्या आड येतो.

अशा रुग्णापुढे उच्च न्यायालयातील याचिका अथवा ग्राहक आयोग हे पर्याय उरतात. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले आहे; परंतु ग्राहक आयोग नुकसानभरपाई देऊ शकतो, डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काढू शकत नाही. अशिलाची स्थिती नेमकी उलट आहे. परिषदेच्या निर्णयाविरुद्ध त्याला अपील आहे, पण वकिलाची सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याचा निर्णय त्याच न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिला आहे.