लंडनची परकरगल्ली

लंडन म्हटले की आपल्या माणसाला आधी आठवते ते १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तेथे राहिले. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते घर विकत घेतले व आता तेथे त्यांचे स्मारक आहे. दर्शनाला जाणाऱ्या बंधू-भगिनींना आम्ही सुचवू की, उरलेला वेळ राजवाडे बघण्यात न दवडता बाजार पाहावेत. बाजारात समाज उघडा दिसतो.

पिकॅडिली रस्त्यावर बर्लिंग्टन आर्केड ही छपराखालची दुकानांची गल्ली आहे. लॉर्ड जॉर्ज कॅव्हेंडिश या सरदाराची ही गल्ली १८१९ साली सुरू झाली. येणारे-जाणारे शिंपले त्याच्या बागेत फेकीत म्हणून ती बांधली, असे सांगतात. दागिने, घड्याळे, उंची माल! पहाऱ्याला गणवेशातले शिपाई, त्यांना ‘बीडल’ म्हणतात. पळायचे नाही, शिट्टी वाजवायची नाही, छत्री उघडायची नाही, असे तेथील नियम. सामान्य माणसाने दबकूनच चालावे, असा सारा थाट.

तरी एक फरक ध्यानात घ्यावा. आदल्याच वर्षी, १८१८ साली, पेशवाई बुडाली होती. त्या पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर आपल्या पूर्वजांना कमरेला झाडू बांधून चालावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिभेद निर्मूलन’ या ग्रंथात मांडले. शिट्टी थांबवली की आर्केडमध्ये शिरता येत होते. जात कशी थांबवणार?

आम्हाला जवळचा वाटतो तो पूर्व लंडनमधला पेटिकोट लेनचा बाजार. पेटिकोट म्हणजे परकर. कपड्यांच्या धंद्यावरून पडलेले हे नाव सभ्य मंडळींना लाजिरवाणे वाटले, म्हणून एकोणिसाव्या शतकात रस्त्याचे ‘मिडलसेक्स स्ट्रीट’ असे नवे बारसे झाले. लोकांनी ते मनावर घेतले नाही.

या भागात सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये धर्मछळ झालेले ह्यूगनॉट विणकर आले. १८८१ नंतर रशियातील दंगलींतून जीव वाचवून ज्यू आले. ज्यूंचा विश्रांतीचा दिवस शनिवार, म्हणून बाजार रविवारी भरू लागला. अधिकाऱ्यांना तो डोळ्यांत खुपे. १९३० नंतरही पोलिसांच्या गाड्या आणि आगीचे बंब घंटा वाजवीत मुद्दाम गर्दीतून नेत. दुकानदार हटले नाहीत. शेवटी १९३६ साली पार्लमेंटने कायदा करून बाजाराला संरक्षण दिले. तो आता पूर्वीइतका मोठा राहिलेला नाही, पण स्वस्त कपड्यांसाठी आजही प्रसिद्ध आहे.

जवळच्या ब्रिक लेनवरची एक इमारत तर जरूर बघावी. १७४३ साली ती ह्यूगनॉटांचे प्रार्थनास्थळ म्हणून बांधली गेली, १८९८ मध्ये ज्यूंचे सिनेगॉग झाली आणि १९७६ पासून बांगलादेशी कामगारांची मशीद आहे. एकाच छताखाली तीन परागंदा समाज!

वेस्टफिल्डसारखे मॉलही लंडनमध्ये आहेत, पण तसे मॉल आता आपल्याकडेही झाले.

पार्लमेंटच्या त्या कायद्याची आठवण आम्ही मुद्दाम देत आहोत. आपल्या कितीतरी माउल्या फुटपाथवर भाजी, बांगड्या विकून घर चालवतात आणि गाडी आली की टोपली उचलून पळतात. आपल्याकडेही २०१४ सालचा पथविक्रेता कायदा आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही, असे त्यात लिहिले आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य निवडून आलेले विक्रेते हवेत, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया, आणि अनुसूचित जातींनाही योग्य प्रतिनिधित्व हवे. आपल्या गावच्या समितीवर कोण बसले आहे, हे नगरपालिकेत जाऊन विचारता येते.