एक '=' की दोन?

कोडिंग नव्याने शिकताय? मग आज एवढंच घोटा: एक '=' म्हणजे आज्ञा, दोन '==' म्हणजे प्रश्न. 'वय = १८' लिहिलं की वय या व्हेरिएबलमध्ये १८ जाऊन बसतात. 'वय == १८' चं उत्तर मात्र फक्त खरं किंवा खोटं.

इफच्या अटीत चुकून एकच चिन्ह पडलं, तर पायथॉन सिंटॅक्स एरर देऊन तिथेच अडवतो. सी मात्र व्हेरिएबलची किंमत बदलून निमूट पुढे जाते. (कंपायलर वॉर्निंग देऊ शकतो, ती वाचत जा हो!)

याच फटीचा फायदा नोव्हेंबर २००३ मध्ये कुणीतरी उठवू पाहिला. लिनक्स कर्नलच्या सोर्स कोडच्या एका प्रतीत दोन ओळी घुसवल्या गेल्या. वरवर पाहता 'युझर आयडी शून्य आहे का?' अशी तपासणी, पण चिन्ह एकच! ठरावीक ऑप्शन देणाऱ्याचा आयडी थेट शून्य, म्हणजे तो रूट (सर्वाधिकार असलेला युझर) झाला असता. मुख्य प्रतीत त्या बदलाची नोंद नव्हती, म्हणून डाव उघडा पडला. काय डोकं लावलं होतं!

'>' आणि '>=' मध्येही असंच जपा. मतदानासाठी 'वय > १८' लिहिलंत, तर नेमक्या अठरा वर्षांच्या मतदाराला तुम्ही घरी पाठवलंत.

आणि हो, पायथॉनच्या इनपुटमधून आकडे मजकूर म्हणून येतात. मजकुराची तुलना पहिल्या अक्षरापासून होते, त्यामुळे '९' हा '१०' पेक्षा मोठा ठरतो. तुलनेआधी इंट करून घ्या.